नेपाचा कागद

आमच्या जळगावच्या छापखान्यात कागदाच्या चार जाती होत्या. लग्नपत्रिकेला आर्ट कार्ड, लेटरहेडला बाँड, पुस्तकाला मॅपलिथो आणि हँडबिलं, प्रुफं, सभेच्या जाहिराती यांना नेपा. वडील कंपोझिटरला सांगायचे, "नेपावर एक प्रूफ काढ." जरा पिवळसर, हाताला मऊ, शाई चटकन पिणारा कागद. कटिंग मशीनखालून निघालेल्या त्याच्या पट्ट्यांवर मी अक्षरं गिरवायला शिकले. नेपा नावाचं गाव असेल असं कधी मनातच आलं नव्हतं. मग एकदा खांडव्याला मावशीकडे जाताना बऱ्हाणपूर मागे पडलं, डोंगर जवळ आले, गाडी एका स्टेशनात थांबली आणि पिवळ्या पाटीवर मोठ्या काळ्या अक्षरांत नाव दिसलं: नेपानगर.

त्या स्टेशनावर प्रत्यक्ष उतरायला मला चाळीस वर्षं लागली.

फेब्रुवारीच्या शेवटी बऱ्हाणपूर पाहायला गेले होते. शाही किल्ल्यातला हमाम झाला, जमिनीखालच्या कुंडी भंडाऱ्यात उतरणं झालं, तिसऱ्या दिवशी असीरगड. हा गड म्हणजे दख्खनचा दरवाजा. 1601 साली अकबराने तो घेतला. 1819 साली शिंद्यांकडून इंग्रजांनी घेतला आणि पुढची ऐंशीहून अधिक वर्षं तिथे इंग्रजी शिबंदी राहिली. तिच्या बराकींच्या पडक्या भिंती आणि गोऱ्यांच्या कबरी अजून दिसतात. इंग्रजांशी लढलेले संबळपूरचे वीर सुरेंद्र साय याच गडावर कैदेत होते. 1884 साली ते इथेच वारले. आयुष्यातली सदतीस वर्षं त्यांची तुरुंगात गेली, त्यातली शेवटची सारी इथली. कबरींपाशी मी फार थांबले नाही. सुरेंद्र सायांसाठी मात्र थोडा वेळ बसले.

उतरताना वाटेत एक झाड दिसलं. एकही पान नव्हतं. साल राखाडी-हिरवट, आणि तिचे पापुद्रे सुटून वाऱ्यावर फडफडत होते, अगदी पातळ कागदासारखे. वाट दाखवायला बरोबर आलेल्या मुलाने एक पापुद्रा सोलून माझ्या हातात दिला. खोडाला जिथे खोच पडली होती तिथे डिंक ओघळून वाळला होता. त्याचा खडा त्याने बोटात चुरडला आणि नाकाशी धरला. ऊद जाळल्यासारखा वास. "सालई है," तो म्हणाला. "इसी का कागज बनता था, नेपा में."

रात्री हॉटेलवर हात धुतले तरी बोटांना तो वास होता. सकाळी परतीचं तिकीट रद्द केलं आणि नेपानगरची गाडी धरली. हॉटेलच्या मॅनेजरने विचारलं, "तिथे काय बघणार मॅडम? मिल आहे आणि क्वार्टर्स आहेत." मला तेच बघायचं होतं.

मिलच्या आत जायला परवानगी लागते, ती माझ्याकडे नव्हती. फाटकाबाहेरून धुराडं आणि लांबलचक शेड बघितली, वसाहतीतल्या सरळ रस्त्यांवरून फिरले. क्वार्टर्सच्या रांगा, अंगणात पेरू, सीताफळ, तारेवर वाळत घातलेले कपडे. चहाच्या टपरीवर मी कागदाबद्दल विचारत होते ते ऐकून शेजारी बसलेले एक गृहस्थ मराठीत म्हणाले, "कोणता कागद, ताई? लाकडाचा का रद्दीचा?" हे काका मूळचे रावेरकडचे. कागद-मशीनवर त्यांची चौतीस वर्षं गेली, निवृत्त होऊनही बराच काळ झाला. पुढचा सगळा दिवस मी त्यांच्या अंगणात होते.

त्यांनी आधी माझ्या हातातलं वर्तमानपत्र मागून घेतलं. बातम्या बघितल्याच नाहीत. एक पान सुटं केलं, कानाशी नेऊन हलवलं, उन्हात धरलं, मग मधोमध वरून खाली फाडलं. सुतासारखं सरळ फाटलं. दुसरं पान आडवं फाडलं. ते वाकडंतिकडं, दातेरी फाटत गेलं.

"का बरं?" त्यांनी विचारलं. मला सांगता येईना. छापखानेवाल्याची मुलगी असून.

"मशीनवर लगदा धावत्या जाळीवर पडतो. शंभर भागांत नव्व्याण्णवाच्या वर पाणी. जाळी पळते तसे तंतू तिच्या दिशेने सरळ होतात, नदीत काड्या वाहतात तसे. कागद त्या दिशेने फाडला की तंतूंच्या मधून वाट मिळते. आडवा फाडला की तंतू तोडावे लागतात." फाटलेली कड त्यांनी माझ्या डोळ्यांपुढे धरली. उजेडात बारीक केसांसारखे धागे उभे राहिलेले दिसत होते. आयुष्यभर कागदात वाढले आणि ते केस मी पहिल्यांदा पाहिले.

मग सालईचं विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं: सालईचं लाकूड नरम. ओंडके पाण्याच्या धारेखाली फिरत्या दगडी चाकावर दाबून धरायचे, चाक लाकूड झिजवतं आणि लगदा निघतो. तो स्वस्त पडतो, शाई चांगली पितो, छापलेलं मागच्या बाजूला दिसू देत नाही. पण ताकद कमी. म्हणून बांबू रसायनात शिजवून त्याचा लांब तंतूंचा लगदा त्यात मिसळायचा. दगडावर झिजवलेल्या लाकडातलं लिग्निन नावाचं द्रव्य कागदात तसंच राहतं आणि उन्हाने, हवेने पिवळं पडतं. आमच्या छापखान्यातला नेपा पिवळा का असायचा, याचं उत्तर मला असं एका अंगणात मिळालं.

"रोजचे शंभर टन," काका म्हणाले. "सुरुवातीची मिल तेवढ्यासाठीच बांधली होती. वर्षाचे तीस हजार." रोजचे शंभर टन हे त्यांनी दिवसभरात चारपाच वेळा तरी म्हटलं असेल. पुढे क्षमता वाढली, यंत्रं बदलली, पण त्यांच्या जिभेवर आकडा तोच. त्यांचे वडीलही इथेच होते. रोजचे शंभर टन हे त्यांनी लहानपणी वडिलांकडून ऐकलेलं.

या शंभर टनांचं मोल समजायचं तर थोडं मागे जावं लागतं. इंग्रजी अमलात या देशात वर्तमानपत्राचा कागद होतच नव्हता, सगळा बोटीने बाहेरून यायचा. दुसऱ्या महायुद्धात बोटी अडल्या, सरकारने कागदावर नियंत्रण आणलं आणि वर्तमानपत्रांची पानं घटली. लिहिणाऱ्याला पकडणं हा झाला तोंड बंद करण्याचा एक मार्ग. दुसरा मार्ग कागद तोडण्याचा, आणि त्यात आवाजही होत नाही. अशा दिवसांत काही खाजगी मंडळींनी 25 जानेवारी 1947 रोजी, अजून युनियन जॅक उतरायचा होता तेव्हा, नॅशनल न्यूजप्रिंट अँड पेपर मिल्स ही कंपनी नोंदवली. जागा निवडली ती इथली. सातपुड्यात सालई आणि बांबू, जवळ तापी, आणि दाराशी इंग्रजांनीच टाकलेला मुंबई-कलकत्ता लोहमार्ग. खाजगी मंडळींना हे ओझं पेललं नाही. 1949 साली मध्य प्रांत-वऱ्हाडच्या सरकारने कारभार हाती घेतला. 1955 मध्ये उत्पादन सुरू झालं आणि 26 एप्रिल 1956 रोजी पंडित नेहरूंनी गिरणी देशाला अर्पण केली. देशातली ही पहिली न्यूजप्रिंट गिरणी. 1980च्या आसपासपर्यंत एकमेव. पुढे केंद्राकडे गेली आणि 1989 साली नाव झालं नेपा लिमिटेड.

कागदाची टंचाई त्याने संपली असं नाही. कोटा राहिला, परवाने राहिले. वर्तमानपत्रांवर दहा पानांची मर्यादा होती, ती उठवायला 1972 साली सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. कोट्याच्या नावाने वडील रात्री जेवताना बोलायचे ते मला आठवतं. पण त्या काळात देशात बनलेला कागद म्हणून जो काही हाती पडत होता, तो या डोंगराखालून येत होता. रोजचे शंभर टन.

आणि हेही लिहिलं पाहिजे की ते सातपुड्यातून येत होते. सालई भराभर वाढणारं झाड नाही. ज्या जंगलातून ओंडके आले ते कोरकू, बारेला, भिलाला लोकांचं जंगल. डिंक, मोहू, चारोळी यांवर त्यांचं पोट. काकांना मी हे विचारलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आम्ही तोडलं, ताई. तेव्हा जंगल संपेल असं कुणाला वाटत नव्हतं." पुढे जंगलातला माल कमी पडत गेला आणि गिरणी रद्दीकडे वळली. मला हे वळण योग्यच वाटतं. ते आणखी लवकर यायला हवं होतं.

रद्दीचा कागद कसा होतो हे दाखवायला त्यांनी नातीला हाक मारली. तिच्या शाळेच्या प्रकल्पासाठी आजोबांनी आदल्या रात्रीच बादलीत वर्तमानपत्राचे तुकडे भिजत घातले होते. आता त्यांत कपड्याच्या साबणाचं पाणी ओतलं आणि काकूंची ताकाची रवी घेऊन ते घुसळायला लागले. दहाएक मिनिटांत पांढरा फेस वर आला आणि बघता बघता करडा झाला, मग कडेने काळा.

"ही शाई," काका म्हणाले. "साबणाने ती तंतूपासून सुटते. शाईत तेल, पाण्याशी तिचं पटत नाही, म्हणून ती बुडबुड्याला चिकटते. बुडबुडा तिला वर आणतो. आपण फक्त वरून काढून घ्यायची."

नातीने पळीने फेस काढून टाकला, आजोबांनी पुन्हा घुसळलं, तिने पुन्हा काढला. चौथ्या खेपेला खालचा लगदा ताकाच्या रंगावर आला. मोठ्या कारखान्यात हेच होतं, रवीच्या जागी हवेचे झोत असतात. त्या काळ्या फेसात परवाचे मथळे होते, निवडणुकीच्या बातम्या, कुणाचं तरी निधन. खाली उरला तो पुन्हा लिहिता येईल असा तंतू. मला वडिलांची फार आठवण आली. टाइप धुतल्यावर तेही असंच म्हणायचे, धुतलं की अक्षर पुन्हा कामाला मोकळं.

लगदा मैद्याच्या चाळणीवर पसरून, फडक्याने दाबून, स्टीलच्या ताटावर उलटा करून उन्हात ठेवला. तो वाळेपर्यंत काकांनी मशीनची गोष्ट सांगितली. कागद चालता चालता तुटला की त्याला ब्रेक म्हणायचं. मग कागदाच्या कडेची चिंचोळी ओली पट्टी हाताने धरून पुढच्या रुळात द्यायची. रूळ थांबत नाहीत. पट्टी पकडतात, की लगेच हात मागे. हे सांगताना त्यांचा उजवा हात आपोआप पुढे जात होता आणि झटक्यात मागे येत होता. तीनदा, चारदा. समोर काहीच नव्हतं, अंगणातली हवा होती. "पहिल्या वर्षी रात्री झोपेतसुद्धा हात असा हलायचा," काकू आतून म्हणाल्या.

2016 साली नूतनीकरणासाठी गिरणी थांबली ती सहा वर्षं थांबली. काका तेव्हा निवृत्त झाले होते, शेजारपाजारची माणसं मात्र अजून नोकरीत होती. काकूंनी त्या दिवसांबद्दल एवढंच सांगितलं, "मिलचा ओल्या लगद्याचा वास कपड्यांना लागायचा, वैताग यायचा. मग वास यायचा बंद झाला. कपडे तारेवरून काढताना मी उगाच नाकाला लावून बघायची." केंद्र सरकारने सुमारे 469 कोटींचं पॅकेज दिलं, रद्दीतली शाई काढण्याचा नवा विभाग उभा राहिला आणि 23 ऑगस्ट 2022 रोजी उत्पादन पुन्हा सुरू झालं. बाहेरच्या देशांतला स्वस्त कागद, फोनवर बातम्या वाचणारी पिढी, हे सगळं समोर असताना ही गिरणी चालणं सोपं नाही. तरी ती चालली पाहिजे असं मी मनापासून म्हणेन. छापील शब्दासाठी या देशाने वसवलेलं हे गाव आहे. गड बघायला आपण तीन जिल्हे ओलांडून जातो, गोऱ्या शिपायांच्या कबरींवरची नावं वाकून वाचतो. आणि आपल्या आजोबांनी ज्या कागदावर स्वातंत्र्यानंतरच्या निवडणुका, नवी धरणं, संप यांच्या बातम्या वाचल्या, तो कागद ज्यांनी केला त्यांच्या स्टेशनात गाडी थांबते तेव्हा खिडकीतून फक्त चहा घेतो. मीही चाळीस वर्षं तेच केलं.

दुपारी चार वाजता ताटावरचा कागद सुटला. हातभर नव्हता, कडा वेड्यावाकड्या, रंग करडा. काकांनी तो कानाशी नेऊन हलवला आणि मान डोलावली. नातीने तो मला दिला. माझ्या पर्समध्ये असीरगडावरचा सालईचा पापुद्रा होता. दोन्ही शेजारी धरले तर जाडीला जवळपास सारखे.

असीरगडला जाल तर नेपानगरसाठी एक दिवस जास्तीचा ठेवा. बऱ्हाणपूरहून खांडव्याच्या दिशेने जाताना असीरगड रोड, मग चांदणी, मग नेपानगर. आणि जाणं होईल तेव्हा होवो, आजचं वर्तमानपत्र वाचून झालं की त्याचं एक पान वरून खाली फाडा, दुसरं आडवं फाडा, आणि फाटलेली कड उजेडात धरून बघा.