गेममधले नेतृत्व कार्यालयात चालते का?

२७ जानेवारी २०१४ रोजी 'ईव्ह ऑनलाइन' या खेळात एक हप्ता भरायचा राहून गेला. आइसलँडमधील सीसीपी कंपनीने २००३ मध्ये सुरू केलेल्या या खेळात अंतराळातील प्रदेशावर ताबा टिकवायचा, तर ठरावीक मुदतीने खेळातल्याच चलनात शुल्क भरावे लागे. एका आघाडीने आपली मोठी जहाजे ज्या ठिकाणी उभी केली होती, तेथील शुल्क वेळेत भरले गेले नाही. ताबा सुटला, विरोधकांना सुगावा लागला आणि पुढचे सुमारे २१ तास साडेसात हजारांहून अधिक खेळाडू तेथे लढत राहिले. 'टायटन' जातीची पंच्याहत्तर महाकाय जहाजे नष्ट झाली. झालेल्या हानीची किंमत खऱ्या पैशांत मोजली असता ती सुमारे तीन लाख अमेरिकी डॉलर भरली.

ही गोष्ट सहसा त्या किमतीसाठी सांगितली जाते. तिच्यातला खरा कुतूहलाचा भाग मात्र वेगळाच आहे. एका चुकलेल्या हप्त्याची बातमी लागताच निरनिराळ्या देशांतील हजारो माणसांना निरोप धाडणे, त्यांची पथके पाडणे, कोणी आधी कोणावर मारा करायचा हे ठरवणे, आणि उद्या सकाळी स्वतःच्या नोकरीवर जायचे असलेल्या त्या माणसांना रात्रभर जागेवर टिकवून धरणे, हे सारे कोणीतरी केले. त्यासाठी कोणाला पगार नव्हता आणि आज्ञा न पाळणाऱ्याला शिक्षा करण्याचा अधिकारही नव्हता. मग अशा लढाईत तुकडी सांभाळलेल्या तरुणाने नोकरीच्या अर्जात ते लिहावे काय? आणि मुलाखत घेणाऱ्याने ते गांभीर्याने घ्यावे काय? रात्री दोनपर्यंत हेडफोन लावून बसलेल्या मुलाचे 'मी टीमवर्क शिकतोय' हे उत्तर गोव्यातील घरांनाही आता नवे राहिलेले नाही. ते उत्तर सरसकट खोटे नाही; मात्र ते फार थोड्यांच्या बाबतीत खरे आहे.

या दाव्याला प्रतिष्ठा मिळाली ती २००६ मध्ये. जॉन सीली ब्राउन आणि डग्लस थॉमस यांनी 'वायर्ड' या अमेरिकी नियतकालिकात स्टीफन जिलेट यांचे उदाहरण मांडले. याहू कंपनीत वरिष्ठ पदावर त्यांची निवड होण्यात 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मधील त्यांच्या नेतृत्वाचा वाटा होता, असे लेखकांचे म्हणणे. जिलेट पुढे स्टारबक्सचे मुख्य माहिती अधिकारी झाले आणि गेमिंगच्या बाजूने बोलणाऱ्यांना हुकमी दाखला मिळाला. एका माणसाच्या यशावरून नियम बांधता येत नाही, हे उघडच आहे. पण जिलेट त्या खेळात नेमके काय करीत होते, हे पाहण्याजोगे आहे.

ब्लिझार्ड कंपनीचा हा खेळ नोव्हेंबर २००४ मध्ये आला. त्यातील सर्वांत अवघड मोहिमांना, म्हणजे 'रेड'ना, सुरुवातीला चाळीस खेळाडू लागत. शत्रूचे वार अंगावर घेणारे काही, जखमींना सावरणारे काही आणि उरलेले मारा करणारे. वार घेणारा डळमळला की सावरणाऱ्यांची धांदल उडते, सावरणाऱ्याचे लक्ष क्षणभर हलले की वार घेणारा पडतो, आणि एखाद्या उतावळ्याने ठरल्याआधी हल्ला केला की चाळीसही जण गारद होतात. अशा पराभवानंतर पुन्हा सगळ्यांना गोळा करून, काय चुकले ते न भांडता सांगून, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. एकेका शत्रूपाशी हे आठवडेच्या आठवडे चाले. ठरल्या रात्री चाळीस जण जमवणे हेच शत्रूपेक्षा अवघड, अशी खेळाडूंची जुनी तक्रार होती. २००७ च्या विस्तारित आवृत्तीत मोठ्या मोहिमांचा आकडा पंचवीसवर आणण्यात आला.

शत्रू पडला की खरी कसोटी लागे. चाळीस जणांनी घाम गाळलेला आणि लुटीत दोन-चारच मौल्यवान वस्तू! त्या कोणाला द्यायच्या? १९९९ मध्ये आलेल्या 'एव्हरक्वेस्ट' या आधीच्या खेळातील मंडळांनी यासाठी गुणांची वही काढली होती. हजर राहिल्याबद्दल गुण, मोहीम फत्ते झाल्याबद्दल गुण. वस्तू हवी असेल तर साठलेले गुण मोजायचे. वॉरक्राफ्टमधील अनेक मंडळांनी हीच रीत उचलली. ऐकायला सोपी वाटणारी ही व्यवस्था चालवताना काय काय उपटत असे! जुन्या सभासदांकडे गुणांचा डोंगर साठे आणि नव्याला वर्षभर काही मिळत नसे. कोणी गुण साठवून फक्त एकाच वस्तूची वाट पाही, तोवर मंडळाचे बळ घटत राही. कोणी हवी ती वस्तू पदरात पडताच मंडळ सोडून जाई. मंडळाचा प्रमुख, म्हणजे 'गिल्ड मास्टर', या सगळ्यांतून वाट काढत असे. नव्यांची भरती, रुसव्यांची समजूत, दोन मित्रांतले भांडण आणि परीक्षेमुळे गळालेल्यांच्या जागी बदली माणसे, हे त्याचे रोजचे काम. तलवार चालवणे त्यात नाममात्र होते.

गोव्याच्या वाचकाला यात ओळखीचे काही दिसेल. देवळाच्या उत्सवात गावच्या मंडळींनी बसवलेल्या नाटकाचा व्याप सांभाळणारा माणूस हेच करीत असतो. तालमीला न येणाऱ्याला घरून आणणे, भूमिका लहान मिळाली म्हणून रागावलेल्याला थोपवणे, ऐनवेळी आजारी पडलेल्या नटाच्या जागी दुसऱ्याला उभे करणे. आणि हे सगळे कोणाला एक पैसाही न देता. नाटकात काम केलेला प्रत्येक जण संघटक झाला असे गावात कोणी मानत नाही. पण नाटक कोणी पार पाडले, हे गावाला पक्के ठाऊक असते. गेमच्या बाबतीतही हाच भेद करावा लागतो. चाळिसांत एक नेता असतो, दोन-तीन त्याचे सहायक असतात. बाकीचे येतात, आपले काम करतात आणि जातात. त्यांनी वक्तशीरपणा आणि सूचना ऐकण्याची सवय कमावली असेल, पण ती शाळेच्या कवायतीतही कमावता येते.

नेत्याच्या बाबतीतही एक मेख आहे. बायरन रीव्ह्स, थॉमस मलोन आणि टोनी ओड्रिस्कॉल यांनी २००८ मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये अशा खेळांतील नेतृत्वावर लेख लिहिला. गेमचा गौरव करणारे त्याचा उल्लेख आवर्जून करतात, पण त्यातील महत्त्वाचा मुद्दा बहुधा गाळतात. तो असा, की खेळात नेतृत्व फुलते त्याचे मोठे श्रेय त्या वातावरणाला जाते. कोणी किती मारा केला, कोण कोठे कमी पडला, हे आकड्यांत सर्वांसमोर असते. बक्षीस तत्काळ आणि ठरलेल्या नियमाने मिळते. नेतेपद एका मोहिमेपुरते असू शकते, ते उतरवून ठेवताना कोणाची मानहानी होत नाही. अपयशाची किंमत एका संध्याकाळची. कार्यालयात यातले काय असते? चूक कोणाची हे महिनोन्महिने कळत नाही, बढती का मिळाली हे कधीच कळत नाही, आणि एकदा हातची गेलेली निविदा पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येत नाही. म्हणून गेममध्ये उत्तम ठरलेला नेता कार्यालयात अडखळला तर नवल नाही. त्या लेखाचा धडा उमेदवारापेक्षा कंपन्यांनाच अधिक लागू पडतो.

प्रयोगांतून काय दिसते? ग्लासगो विद्यापीठातील मॅथ्यू बार यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३६ विद्यार्थी होते. चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट पाडून एका गटाला आठ आठवडे निवडक गेम खेळायला दिले. संवाद, परिस्थितीशी जुळवून घेणे आणि अडचणीतून मार्ग काढणे, या तिन्ही बाबतींत खेळणाऱ्या गटाचे गुण वाढले. निष्कर्ष आशादायक, पण संख्या लहान आणि मोजमाप विद्यार्थ्यांनी स्वतःविषयी भरलेल्या प्रश्नावल्यांवर बेतलेले. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये ३५२ जणांवर केलेला प्रयोग अधिक चटकदार ठरला. एकमेकांना न ओळखणाऱ्यांचे गट करून त्यांना एकत्रितपणे पंचेचाळीस मिनिटे व्हिडिओ गेम खेळू दिले, तेव्हा त्यानंतरच्या वेगळ्याच कामात त्यांची कामगिरी सुमारे २० टक्क्यांनी सुधारली. मात्र याचा अर्थ नीट लावला पाहिजे. पाऊण तासात कोणी कौशल्य शिकत नाही. अनोळखी माणसांतला संकोच मोडला, इतकेच यातून सिद्ध होते. एकत्र जेवण रांधूनही कदाचित तेच साधले असते.

एका कामात कमावलेले दुसऱ्या कामात आपोआप उतरते का, हा प्रश्न शिक्षणशास्त्रात जुना आहे. १९०१ मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ यांनी दाखवले, की दोन कामांत समान घटक जितके जास्त, तितकेच हे संक्रमण घडते. गेमलाही हा नियम चुकलेला नाही. २००७ मध्ये ३३ शल्यचिकित्सकांवरील एका अभ्यासात, पूर्वी आठवड्याला तीन तासांहून अधिक गेम खेळलेल्यांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावात ३७ टक्के कमी चुका केल्या. येथे समान घटक स्पष्ट आहे: पडद्याकडे पाहत हात अचूक हलवणे. तरीही खेळामुळे हात सुधारले की चांगल्या हाताचेच लोक खेळाकडे वळले, हे त्यावरून ठरत नाही. साला, तात्लिदिल आणि गोबे यांनी २०१८ मध्ये गेमिंगविषयीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा गेमच्या सरावाने एकंदर बौद्धिक क्षमता वाढते या समजुतीला फारसा आधार सापडला नाही.

भारतात हा विचार करताना आणखी एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. येथे बहुसंख्य तरुण खेळतात ते मोबाइलवर. पबजी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आल्यानंतर पुढच्या वर्षी आलेल्या बीजीएमआयसारखे गेम. चौघांचा चमू, अर्ध्या तासाचा सामना, आणि पुष्कळदा सोबती अनोळखी. शत्रू कोणत्या दिशेला आहे हे दोन शब्दांत सांगणे, दडपणाखाली न गडबडणे, एवढे त्यातून साधते आणि ते क्षुल्लक नाही. पण तेथे भरती नाही, वाटणी नाही, वर्षभर टिकवायचे मंडळ नाही. वॉरक्राफ्टच्या मंडळप्रमुखाचे दाखले अशा खेळाला लावणे गैर आहे. स्पर्धांत उतरणाऱ्या, नियमित सराव करणाऱ्या चमूंची गोष्ट अर्थातच वेगळी.

गेममध्ये अंगी बाणतात त्या सगळ्याच सवयी नोकरीत हव्याशा नसतात, हेही विसरता कामा नये. 'लीग ऑफ लेजेंड्स' बनवणाऱ्या रायट गेम्सने आपल्याच कर्मचाऱ्यांचे गेममधील संभाषण तपासले. आदल्या वर्षी कंपनीतून काढलेल्यांपैकी सुमारे चतुर्थांश कर्मचारी खेळातही विलक्षण उर्मट वागत असल्याचे आढळले. पडद्याआड माणूस जसा वागतो, तसा तो टेबलापलीकडेही वागण्याची शक्यता असते. तेव्हा गेमिंगचा अनुभव अर्जात लिहिणाऱ्याने ही दुधारी तलवार ओळखावी. आवाज ऐकताच शिवीगाळ सुरू होते म्हणून माइक बंद ठेवून खेळणाऱ्या मुलींना संवादकौशल्याचा सराव कितपत मिळत असेल, हा प्रश्नही गौरवपर लेखांतून क्वचितच विचारला जातो. आणि तासांचा हिशेब आहेच. जागतिक आरोग्य संघटनेने 'गेमिंग डिसऑर्डर' हा विकार आपल्या रोगसूचीत घेतला असून ती सूची जानेवारी २०२२ पासून लागू आहे.

ज्याने खरोखर मंडळ चालवले आहे, त्याने अर्जात खेळाचे नाव, आपली पातळी किंवा जिंकलेली पदके यांपेक्षा काम लिहावे. किती माणसे होती, किती काळ टिकली, वाटणीचा नियम कोणता होता आणि तो का बदलावा लागला. मुलाखत घेणाऱ्याला त्या खेळातले काही कळत नसले तरी चालेल. तुमचे मंडळ सोडून शेवटी कोण गेले, ते का गेले आणि त्यानंतर तुम्ही काय बदलले, एवढे त्याने विचारावे. मंडळ चालवलेल्याला याचे उत्तर शोधावे लागत नाही. त्याला त्या माणसाचे खेळातले टोपणनावसुद्धा आठवत असते.