जुन्या खात्याविरुद्ध दावा

वर्गात राज्यशास्त्र शिकवताना सुरक्षेचा विषय निघाला, की मी जॅनेट नॅपोलिटानो यांच्याबद्दल सांगते. मेक्सिकोला लागून असलेल्या अ‍ॅरिझोनाच्या त्या गव्हर्नर, मग २००९ ते २०१३ अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा मंत्री आणि तिथून थेट कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अध्यक्ष.

मंत्री असताना, जून २०१२मध्ये, त्यांनी ‘डाका’ हे धोरण आणलं. लहानपणीच अमेरिकेत आणलेल्या, पण कागदपत्रं नसलेल्या मुलांना दोन-दोन वर्षं हद्दपारीपासून संरक्षण आणि कामाचा परवाना. यंत्रणेची ताकद खऱ्या धोक्यांवर खर्च करावी, हा त्यामागचा विचार मला पूर्ण पटतो. त्यांच्याच कारकिर्दीत हद्दपारीचे आकडे फुगले होते, हेही मुलांना सांगायलाच हवं.

२०१७मध्ये ट्रम्प सरकारने डाका गुंडाळायचं ठरवलं, तेव्हा त्यांचं विद्यापीठ कोर्टात गेलं. प्रतिवादी होतं त्यांचंच जुनं खातं! आपल्या विद्यार्थ्यांना देशाबाहेर काढलं जाण्याची टांगती तलवार असताना विद्यापीठाच्या प्रमुखाने गप्प कसं बसायचं? जून २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला: धोरण मागे घेण्याचा अधिकार सरकारला आहे, पण पुरेशी कारणं दिल्याशिवाय नाही.