हवा रिकामी नसते

छोट्या विमानात पहिल्यांदा बसायला आलेल्या माणसाला नाव-गाव नंतर विचारतात. आधी विचारतात, "वजन किती?" आडतीवर सोयाबीनचं पोतं काट्यावर चढावं, तसे आपण आणि आपली पिशवी दोन्ही हिशोबात धरली जातात.

हिशोब साधा आहे. सेस्ना १७२ एस या विमानाला आसनं चार. रिकामं विमान साधारण ७५४ किलोचं, आणि जास्तीत जास्त ११५७ किलो वजनानं उडायची परवानगी. टाक्या भरल्या की सुमारे १४५ किलो इंधनातच जातात. उरतात जेमतेम दोनशे साठ किलो, त्यात वैमानिकही आला. गडी धिप्पाड असले तर चौथं आसन मोकळंच ठेवावं लागतं.

हा काटा जुनाच आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा पस मॉथ नावाच्या इवल्याशा विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन उतरले. त्या हवाई सेवेनं पहिल्या वर्षभरात जवळपास दहा टन टपाल नेलं. प्रवासी मात्र अवघे १५५. माणसांच्या आधी पत्रांचा नंबर होता.

आता समजा, धाराशिवच्या धावपट्टीवरून निघून त्याच जिल्ह्यातल्या वाशीवर एक चक्कर मारायची आहे. विमानाजवळ गेलं की पहिली शंका येते, ती पत्र्याची. बोटानं टकटक केली तर घरातली ट्रंक वाजावी तसा आवाज येतो. हे यंत्र किती आटोपशीर असतं, ते कॅप्टन अमोल यादव यांनी दाखवून दिलं. मुंबईत चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं आणि २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांसमोर ठेवलं.

वैमानिक मात्र पत्र्यापेक्षा इंधनाकडे बारकाईनं बघतो. टाकीत पट्टी बुडवून पातळी मोजतो. मग टाकीच्या तळातून घोटभर इंधन पारदर्शक पेल्यात काढून उजेडात धरतो. या पेट्रोलला मुद्दाम निळा रंग दिलेला असतो. पाणी जड, ते तळाशी बसतं. निळ्याखाली बिनरंगाचा थेंब दिसला, तर तो निघून जाईपर्यंत उड्डाण नाही.

आणि एवढं ओझं उचलणार कोण? हवा. आपण तिला रिकामी समजतो, पण बालाघाटाच्या पठारावरच्या दहा बाय दहा फुटांच्या खोलीतली हवा तोलता आली, तर ती तीस किलोच्या आसपास भरेल. धावत्या एसटीच्या खिडकीतून हात काढून तळवा किंचित तिरका केला की हात वर फेकला जातो (आणि कंडक्टर ओरडतो). पंख तेच करतो. तो हवेला खाली ढकलतो. त्याच्या वरच्या बाजूला दाब उतरतो, खालच्या बाजूला जास्त राहतो.

किती जास्त? सेस्नाच्या पंखांचं क्षेत्रफळ सुमारे १६ चौरस मीटर. ११५७ किलो त्यावर वाटले, तर चौरस मीटरला ७१ किलो, म्हणजे एका माणसाएवढा भार येतो. उलट वातावरण प्रत्येक चौरस मीटरवर साडेनऊ हजार किलोहून जास्त भारानं रेटत असतं. त्यातला शंभरावा हिस्सासुद्धा खालीवर झाला नाही, तरी चौघं आकाशात!

मात्र ही हवा ऋतूप्रमाणे बदलते. पठार सहाशे मीटरच्या आसपास उंच. मे महिन्यात दुपारी पारा ४० अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते, की विमानाला आपण कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटरवर असल्यासारखं वाटतं. पंखाला पकड कमी, इंजिनाला दम कमी, धाव लांब. त्यातच नांगरलेली काळी रानं तापून त्यांच्यावरची हवा वर उसळते, तर तळ्यांवर आणि उसावर ती शांत असते. घार पंख न हलवता याच उसळीवर चढते. आपल्याला मात्र खड्ड्यातून जीप गेल्यासारखे हादरे बसतात. म्हणून नवख्यांना सकाळी न्यावं. कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय म्हणतं 'हललो', डोळे समोरची खुर्ची बघून म्हणतात 'छे', आणि त्या भांडणात पोट ढवळतं. त्यावर उपाय एकच, नजर क्षितिजावर ठेवायची.

आणि ते क्षितिजही केवढं! शिवारात उभं राहिलं की ते चार-पाच किलोमीटरवर संपतं. सहाशे मीटर वर गेलं की पंच्याऐंशीच्या पुढे सरकतं. खाली बालाघाटाच्या घड्या उलगडतात. एका उताराचं पाणी मांजरेतून गोदावरीला, दुसऱ्या उताराचं सीनेतून भीमेला आणि पुढे कृष्णेला. भूगोलाच्या पुस्तकातला जलविभाजक खिडकीत दिसतो.

इथंच कुणीतरी मनातलं विचारतं, "इंजिन बंद पडलं तर?" तर विमान दगडासारखं पडत नाही. एक किलोमीटर उंचीवरून ते नुसतं घसरत सुमारे नऊ किलोमीटर जातं. वैमानिक म्हणूनच सतत एखादं मोकळं रान हेरून ठेवतो.

उतरताना सेस्नाच्या डाव्या पंखाकडून एक बारीक सूर निघतो. नवखा माणूस दचकतो. पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटी फट असते, आणि तिला नळीनं जोडलेल्या भोंग्यात पातळ पट्टी, भजनातल्या पेटीत असते तशीच. वेग उतरला, पंखाची पकड सुटायला आली की तिथला दाब घटतो, पट्टीवरून हवा ओढली जाते आणि ती वाजते. तिला ना बॅटरी लागते, ना तार. इतका वेळ जिनं उचलून धरलं, तीच हवा सांगते की आता ओझं पेलवत नाही. सूर थोडा चढतो, आणि चाकं जमिनीला लागतात.