राख नको, कोळसा हवा

तूर निघाली की आमच्या मोहोळ भागात बांधावर तुराट्यांचे ढीग लागतात. चुलीपुरत्या घरी येतात, उरलेल्यांना काडी लागते. डाळिंबाच्या छाटणीचंही तेच. तेल्या पडलेल्या फांद्या तर जाळाव्याच लागतात, नाहीतर रोग पुढच्या बहरात येतो. माझं म्हणणं एवढंच, की जाळायचंच आहे तर राख होईपर्यंत जाळू नका.

मी तोंडाशी रुंद, तळाशी निमुळता असा कमरेइतका खड्डा घेतो. काड्या खडखडीत वाळलेल्या हव्यात. तळातल्या ढिगाला जाळ वरून लावायचा आणि निखाऱ्यांवर पांढरी राख धरू लागली की पुढचा थर टाकायचा. वरचा जाळ प्राणवायू ओढून घेतो, तो खाली पोचत नाही, म्हणून खालच्या लाकडाचा कोळसाच राहतो. खड्डा भरला की भरपूर पाणी मारून शेवटचा निखारा विझवायचा. चांगला कोळसा खुळखुळ वाजतो. बायोचार म्हणतात तो हाच.

त्याच्या अंगात असंख्य बारीक पोकळ्या असतात. त्यांत पाणी आणि अन्नद्रव्यं टिकतात, जिवाणू राहतात. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात तिथल्या मूळ रहिवाशांनी कोळसा, हाडं, केरकचरा मिसळून केलेली काळी माती शेकडो वर्षांनंतर आजही सुपीक आहे.

पण तिथली जमीन आम्लधर्मी. आपली चुनखडीची, सामू बऱ्याच ठिकाणी ८ च्या वर, आणि बायोचार स्वतः बहुधा अल्कधर्मीच. म्हणून तो सरसकट पसरू नये. मोहोळच्याच संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ ज्वारी ज्या खोल काळ्या रानात पिकते, ते रान ओल स्वतःच धरतं. खरी गरज डाळिंबाच्या मुरमाड रानाला आहे. कोराच टाकला तर तो मातीतलं नत्र धरून बसतो. आधी शेणाच्या काल्यात किंवा कंपोस्टच्या ढिगात मुरवावा.

बायोचारच्या जोडीला बाटलीतल्या उत्पादनांचाही विचार होतो. ह्युमिक आम्ल, समुद्री शेवाळाचा अर्क, अमिनो आम्लं ही जैवउत्तेजकं. ती खत नव्हेत. मुळांची वाढ, अन्न उचलणं, उन्हाचा ताण सोसणं याला ती हातभार लावतात. उपाशी झाडाचं पोट भरत नाहीत. २०२१ पासून ती खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत, तेव्हा नोंदणी नसलेली बाटली दुकानदाराला परत करा.

मुरवलेला बायोचार ठिबकच्या ओलीत, मुळांजवळ मातीत मिसळा. दोन ओळी मात्र तशाच सोडा आणि तोडणीला दोन्हींकडचा माल वेगळा तोला.