समृद्धीवर क्रूझ आणि पुढे उभा ट्रक

इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग सलग झाला. सिग्नल नाहीत, दुचाकींना बंदी, सपाट भागात मोटारींना ताशी १२० ची मुभा. नव्या गाडीतलं अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल लावून बघायला याहून मोह पाडणारा रस्ता राज्यात सापडणं कठीण. स्टिअरिंग सोडून सीटवर मांडी घालणाऱ्यांच्या रील्स हा या मोहाचाच पुढचा आचरटपणा.

पुढची गाडी हळू झाली की आपली हळू, ती बाजूला गेली की पुन्हा ठरवलेला वेग. हे काम यंत्र चोख करतं, आणि लांबच्या प्रवासात पाय खरोखर वाचतात.

अडचण आहे ती उभ्या वाहनाची. बम्परच्या आसपास बसवलेलं रडार परत आलेल्या लहरीतून अंतर आणि सापेक्ष वेग मोजतं. पण रस्त्याकडेचे कठडे, पाट्या, वरून जाणारे पूल, सगळ्यांकडूनच लहरी परततात आणि ते सगळे जागच्या जागी उभे असतात. त्या प्रत्येकाला घाबरून गाडीने ब्रेक लावला तर मागचा येऊन आदळेल. म्हणून भरधाव वेगात स्थिर वस्तूंकडे काणाडोळा करायचा, अशीच अनेक रडारप्रणालींची रचना असते. कॅमेऱ्याची जोड मिळाल्यापासून सुधारणा झाली आहे. तरीही थांबलेलं वाहन ओळखलं जाईलच असं नाही, हा इशारा गाडीच्या माहितीपुस्तकात आढळतो. शोरूममध्ये मात्र सनरूफ आधी दाखवतात.

गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅपने २०१८ मध्ये दहा गाड्यांच्या अशा प्रणाली तपासल्या, तेव्हा नेमका हाच पेच घातला होता: पुढची गाडी ऐनवेळी लेन बदलते आणि तिच्याआड उभी असलेली गाडी अचानक समोर येते. आपल्याकडे हा पेच रोजचा. वैजापूरजवळ १५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धीवर थांबलेल्या ट्रकवर मिनी बस आदळून १२ जण गेले. तो अपघात क्रूझचा नव्हे. पण क्रूझच्या भरवशावर बसलेल्यासमोरही असाच ट्रक येऊ शकतो.

ताशी १२० ला गाडी सेकंदाला ३३ मीटर कापते. क्रूझने पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर राखायचं म्हणजे जवळपास ६७ मीटर. एवढी मोकळी जागा दिसली की कोणीतरी कट मारून शिरणारच. मग चालक वैतागून क्रूझमधली ही गॅप सर्वात कमी करून टाकतो.

वेगाचंही तसंच. अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीच्या २०२१ च्या अभ्यासात, अशा प्रणाली चालू असताना चालकांनी वेगमर्यादा ओलांडण्याची शक्यता २४ टक्क्यांनी जास्त आढळली.

तेव्हा गॅप मोठीच ठेवावी, पाय ब्रेकजवळ असावा आणि धोधो पावसात, घाटात, टोलनाक्याआधी क्रूझ बंद करावं. बिघडलेले ट्रक लेनमधून तासाभरात उचलले जातील अशी व्यवस्था उभारणं मात्र गाडीवाल्याच्या हातात नाही. ते काम टोल घेणाऱ्यांचं आहे.