जुनी गाडी, नवी वायर – भाग ७ : जोंगाचा लाल दिवा

जबलपुरात संध्याकाळच्या बाजारात कमानिया गेटखालून गाडी न्यायची, तर उजवा पाय ब्रेकवरून हलवायला फुरसत मिळत नाही. १९३९च्या त्रिपुरी काँग्रेसच्या आठवणीसाठी उभारलेली ही कमान. तिच्याखाली आज ई-रिक्षा, हातगाड्या, स्कूटर आणि पायी चालणारे एकाच वेळी घुसतात. दोन वर्षांपूर्वी इथेच माझ्या जोंगाचा पॅडल एकाएकी फळीला टेकला. वेग चालण्याइतकाच होता, म्हणून हॅण्डब्रेक ओढून गाडी थांबवता आली. बोनेट उघडलं तर ब्रेक ऑइलची डबी कोरडी. मागच्या डाव्या चाकाचा व्हील सिलिंडर गळत होता आणि टायरची आतली बाजू ओली झाली होती. ते ऑइल एका दिवसात गेलं नव्हतं, कित्येक दिवस झिरपत होतं. डॅशबोर्डवर ते सांगणारं काहीच नव्हतं, एवढंच.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात. जोंगा हे नाव ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडलं. निस्सानच्या ‘पॅट्रोल पी ६०’ या गाडीच्या परवान्यावर ती इथल्या व्हेइकल फॅक्टरीत सैन्यासाठी बनत असे. सहा सिलिंडरचं, ३९५६ सीसीचं पेट्रोल इंजिन. सैन्याच्या लिलावातून बाहेर आलेल्या पुष्कळ जोंगांत पुढे डिझेल इंजिनं बसली, ब्रेक बदलले, वायरिंगला ठिगळं लागली. आपली लेखमाला अशाच गाड्यांसाठी आहे. मागच्या आठवड्यात आपण दोन कप्प्यांचा टँडम मास्टर सिलिंडर बसवला. आता त्याच्या डबीला सेन्सर आणि डॅशबोर्डवर त्याचा लाल दिवा जोडायचा.

सेन्सर म्हणजे डबीत तरंगणारा एक फ्लोट, त्यात छोटं चुंबक आणि शेजारी रीड स्विच. पातळी उतरली की फ्लोट खाली येतो, स्विचचे पातळ पत्रे एकमेकांना चिकटतात आणि दिव्याला अर्थ मिळतो. ड्रम ब्रेकच्या गाडीत हा दिवा फार खरं बोलतो. डिस्क ब्रेकमध्ये पॅड झिजले की पिस्टन बाहेर सरकतात आणि ऑइल आपोआपच थोडं उतरतं. ड्रमचे लायनर वेळेवर ॲडजस्ट केले, तर पातळी जवळपास जागची हलत नाही. हलली, तर गळती शोधायचीच. नुसतं ऑइल भरून पुढे जाणं म्हणजे त्या गळतीला आणखी मुदत देणं.

वायर कापण्याआधी मल्टिमीटर घ्या. पहिली तपासणी बॅटरीची: १२ व्होल्ट की २४? सैनिकी गाडीत हे गृहीत धरू नका, आणि इंजिन बदललेलं असेल तर मुळीच नाही. दुसरी सेन्सरची: फ्लोट वर असताना दोन टोकांत जोड मिळतो की खाली आल्यावर? आपल्याला खाली आल्यावर जुळणारा हवा. दुसऱ्या गाडीतून काढलेल्या सेन्सरबाबत विक्रेत्याच्या शब्दापेक्षा मीटरवर विश्वास ठेवा.

जोडणी सरळ आहे. चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या लाइनवरून छोटा फ्यूज, तिथून दिवा, दिव्याकडून सेन्सर, सेन्सरकडून अर्थ. दिवा फिलामेंटचा नको. थंड फिलामेंट पेटताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो आणि त्याने रीड स्विचचे पत्रे कायमचे चिकटू शकतात. साधा लाल एलईडी घ्या. १२ व्होल्टला ६८० ओहम, २४ला दीड किलो-ओहमचा अर्ध्या वॅटचा रेझिस्टर पुरतो.

आता या भागातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. सेन्सरची वायर मध्येच तुटली, तर दिवा गप्प राहील आणि आपण समजू की सगळं ठीक आहे. म्हणून दर वेळी गाडी सुरू करताना दिवा पेटून दिसला पाहिजे. पुष्कळ जण हॅण्डब्रेकचा स्विच त्याच दिव्याला समांतर जोडतात. ते योग्यच, पण तो जोड डॅशबोर्डमागे देतात, इथे चुकतं. तिथे दिल्याने फक्त फ्यूज आणि दिवा तपासला जातो; इंजिनशेजारून सेन्सरपर्यंत जाणारी, तापणारी, घासणारी वायर तपासलीच जात नाही. हॅण्डब्रेकची वायर सेन्सरच्या प्लगपर्यंत न्या आणि दिव्याकडून आलेल्या वायरला तिथेच जोडा. दोन-तीन मीटर वायर जास्त लागेल. पण मग हॅण्डब्रेक ओढून चावी फिरवली आणि दिवा पेटला, की फ्यूजपासून सेन्सरच्या तोंडापर्यंतची वाट शाबूत आहे हे रोज कळतं. माझ्या गाडीत मी हे दोनदा केलं. पहिल्यांदा डॅशबोर्डमागे जोडलं होतं. सहा महिन्यांनी सहज झाकण उचलून पाहिलं, तर दिवा पेटेना. एक्झॉस्टजवळ वायर वितळून तुटली होती. रोज सकाळी मात्र तो दिवा इमानाने पेटत होता.

सेन्सर स्वतः आणि त्याची अर्थ या तपासणीत येत नाहीत. त्यासाठी आठवड्यातून एकदा, चावी चालू आणि हॅण्डब्रेक खाली ठेवून, सेन्सरचं झाकण उचला. फ्लोट दांडीच्या तळाशी उतरला की दिवा लागला पाहिजे. सेन्सर डबीच्या बुडाशी असेल, तर स्वच्छ काडीने फ्लोट दाबा. अर्थ बॉडीवर देऊ नका. बॉडी आणि चॅसीमध्ये रबर असतं; रंग खरवडून थिंबल थेट चॅसीवर आवळा. बोनेटखालचे जोड नुसते पिळून टेप लावलेले नकोत, क्रिम्प करून वर श्रिंक स्लीव्ह चढवा. फायरवॉलच्या भोकात ग्रोमेट हवाच.

काम करताना ऑइल सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल रंग उचकटतं. डबीचं झाकण उघडं ठेवू नका. हे ऑइल हवेतली ओल शोषतं: कोरडं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल धरल्यावर ही मर्यादा १४० वर येते.

जोरात ब्रेक मारल्यावर किंवा वळणावर दिवा क्षणभर लुकलुकला, तर ऑइल खालच्या रेषेजवळ आलं आहे. काही जण तो त्रास वाटतो म्हणून टायमर लावतात. मी लावत नाही, ती लुकलुक मला हवी आहे.

मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर सुटून पॅडल हळूहळू खाली जात असेल, तर डबीतली पातळी तशीच राहते आणि दिवा लागत नाही. इंजिन चालू ठेवून पॅडल मिनिटभर दाबून धरा; तो सरकत खाली गेला, तर किट बदलायची वेळ झाली. ते काम पुढच्या आठवड्यात.