साध्या दिसणाऱ्या गोळीत मृत्यू? समजून घ्या फेंटानिलचा धोका

अमेरिकन पॉपस्टार प्रिन्स यांचा 2016 मध्ये मृत्यू झाला. त्यांनी घेतलेल्या गोळ्या वेदनाशामक वाटत होत्या, पण त्या बनावट होत्या आणि त्यात फेंटानिल होतं.

फेंटानिल म्हणजे काय?
प्रयोगशाळेत बनणारं, मॉर्फिनपेक्षा 50 ते 100 पट तीव्र वेदनाशामक. रुग्णालयात ते मोजून देतात. तस्कर मात्र ते हेरॉइन, कोकेन, बनावट गोळ्यांत मिसळतात, कारण थोडक्यात जास्त नशा होते.

धोका कुठे?
मिश्रण एकसारखं नसतं. एका गोळीत किरकोळ, दुसरीत जीवघेणं प्रमाण. फक्त 2 मिलिग्रॅमही जीव घेऊ शकतं. चवीवरून, वासावरून ते ओळखता येत नाही.

काय कराल?
श्वास मंदावला, ओठ निळे पडले, हाकेला प्रतिसाद नाही? अमेरिकेत 911 ला फोन करा, नाकात नॅलॉक्सोन स्प्रे मारा. 2023 पासून तो तिथे चिठ्ठीशिवाय मिळतो.

तिकडे शिकणाऱ्या मित्रमैत्रिणींना हे नक्की पाठवा.